पैठण रोडवरचा न झिजलेला टायर

पोलिसातल्या नोकरीत तपासलेले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. पैठण रोडवरचं ते प्रकरण मात्र पंचनाम्यासकट पाठ आहे, आणि त्याला कारण एक टायर.

ऐन मे महिना होता. चितेगावच्या एका कारखान्यात काम करणारा तरुण बायकोला मोटारसायकलवर मागे बसवून शहराकडे येत होता. वळणावर गाडी आडवी झाली. बाई एका अंगाला बसलेली. तिचं डोकं दुभाजकावर आपटलं आणि ती जागीच गेली. नवऱ्याला कोपर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ठाण्यात अपघात म्हणून नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी बाईचा थोरला भाऊ येऊन माझ्यासमोर उभा राहिला. खुर्ची दिली तरी बसेना.

"सायेब, गाडी घसरली नाय. त्यानं पाडली तिला. निघायच्या आधी घरात लई भांडण झालं होतं. शेजाऱ्यानं ऐकलंय."

शेजाऱ्याला बोलावलं. भांडण झालं हे त्यानंही सांगितलं. कशावरून, ते त्याला ठाऊक नव्हतं.

मी कागद पुन्हा काढले. पंचनाम्यात रस्ता कोरडा, खडी नाही, खड्डा नाही. गाडीच्या तपासणीत ब्रेक ठीक आणि मागच्या टायरच्या खाचा चांगल्या खोल. मग गाडी घसरली कशी? भावाचं म्हणणं मला पटू लागलं होतं. खुनाचं कलम लागलं असतं तर तो माणूस जन्मभर आत गेला असता आणि त्याची अंगणवाडीत जाणारी पोर आईबापांवाचून राहिली असती. म्हणून घाई करायची नाही, एवढं मी ठरवलं.

नवऱ्याला चौकशीला बसवलं. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. हा बोलतच नव्हता, आणि त्यानं माझं डोकं फिरत होतं.

"भांडण झालं होतं?"

"व्हय."

"कशावरून?"

मी टेबलावर हात आपटला. "तुझा मेहुणा तुला खुनी म्हणतोय. कुठलं कलम लागतंय, कळतंय का तुला?"

"लागू द्या, साहेब."

एखाद्यानं हीच कबुली म्हणून लिहून घेतली असती. मी चहा मागवला. त्यानं कप हातात धरला, प्यायला नाही.

"टायरवरून झालं," तो कपाकडं बघत म्हणाला. "ती म्हणायची, मागचं चाक वल्ल्यात सरकतं, बदला. मी म्हणायचो, खाचा बघ की, नव्यासारख्या हायेत. मुद्दाम कडक रबराचं घेतलं होतं मी. मऊ रबर रस्ता धरतं, पण लवकर झिजतं. हे लई वर्षं चालतं. त्या दिवशी बी मी तेच म्हणलो, झिजल्याबिगर टायर बदलत असतेत का?"

"पण रस्ता कोरडा होता."

"नाय साहेब, वला व्हता. म्होरून टँकर गेला व्हता."

मी उठून उभाच राहिलो. उन्हाळ्यात त्या रस्त्यानं दिवसभर पाण्याचे टँकर पळतात. तोंडापर्यंत भरलेले असतात आणि वळणावर हिंदकळून सांडतात. भर दुपारी ते पाणी आमचे पंच पोचायच्या आत वाळून गेलं होतं.

मग आम्ही प्रात्यक्षिक घेतलं. तीच गाडी, तेच वळण, तीच वेळ. वाहतूक अडवून टँकर पुढे काढला. हेल्मेट घातलेला हवालदार मागून निघाला. पंचांबरोबर मी भावालाही कडेला उभं केलं होतं. हवालदार माझ्या शब्दावर गाडीवर बसला होता. वेग साधाच होता. त्यानं ब्रेक दाबला आणि मागचं चाक बाजूला निघून गेलं. तो पडला, उठला, कपडे झटकले. नंतर मऊ रबराचा टायर चढवला, पुन्हा टँकर पुढे काढला आणि तिथंच ब्रेक दाबला. गाडी सरळ उभी राहिली.

"म्हंजी त्यानं पाडली नाय?" भावानं विचारलं.

"नाही."

तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. "पर ती सांगत व्हती ना त्याला," एवढंच म्हणाला.

खुनाचं कलम टळलं. हयगयीचा गुन्हा लागला आणि तो त्यानं कोर्टात कबूल केला. पुढे गाडी सोडवायला आला, तेव्हा तो त्या काढून ठेवलेल्या टायरपाशी उकिडवा बसला. खाचेत नख घातलं, ते पुरतं आत गेलं.

"साहेब, हे अजून लई चाललं असतं," तो म्हणाला आणि हमसून रडायला लागला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

कोरडा रस्ता आणि खोल खाचा, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्यांच्यावर विसंबून मी खून न केलेल्या माणसाला जन्मभर आत टाकलं असतं. तेव्हापासून पंचनामा वाचताना मी आधी विचारतो, हे बघायला आपण पोचलो कधी? दुसरी गोष्ट नोकरीच्या बाहेरची. आपल्याकडे कुठलीही वस्तू घेताना पहिला प्रश्न असतो, किती दिवस टिकेल. तो मी आता विचारत नाही.

परवा उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानात मुलाच्या मोटारसायकलला टायर बघत होतो. दुकानदारानं एक पुढे केला. "काका, हा रस्ता चांगला धरतो, पण लवकर झिजेल."

"झिजू दे," मी म्हणालो. "मागं सून बसते."