हॉथॉर्न लेनच्या वेटिंग रूममधलं हळदीकुंकू

आमच्या ग्रुपचं काम एका स्टेशनचा इतिहास लिहिणं. इतक्या वर्षांत इतिहास काही फार पुढे सरकलेला नाही, पण मीटिंगहून घरी येताना एक तरी किस्सा बरोबर येतोच. नवरा हल्ली इतिहासाचं विचारतच नाही. दार उघडता उघडता म्हणतो, "बोल, आज काय झालं?"

स्टेशन म्हणजे बर्मिंगहॅममधून बाहेर पडताना लागणारं हॉथॉर्न लेन. दोन प्लॅटफॉर्म, एक पूल, एक तिकीट खिडकी आणि दोन नंबरवर एक जुनी वेटिंग रूम. फास्ट गाड्या थांबत नाहीत आणि स्लो गाड्याही नाइलाजानं थांबल्यासारख्या थांबतात. मी शुभा, जवळच्याच हॉस्पिटलात फार्मसिस्ट. हे सगळं दोन हजार पाच-सहाच्या आसपासचं.

*

ग्रुपमध्ये मी आले ती ट्रेनची वाट बघताना. शनिवारची सकाळ होती, टाउनला जायचं होतं. प्लॅटफॉर्मवर एक उंच म्हातारा टेबल मांडून बसला होता आणि टेबलावर जुने फोटो होते. हा डेरेक, रिटायर्ड सिग्नलमन आणि ग्रुपचा चेअरमन. वयानं माझ्या वडिलांएवढा, पण इथे सगळे पहिल्या नावावर, त्यामुळे तोंडात अरेतुरेच बसलंय.

मी आपलं सहज विचारलं, "टाउनची ट्रेन वेळेवर आहे का?"

डेरेकनं सुरुवात केली ती लाइन टाकायला जमीन कुणी दिली तिथपासून. मग पूल कुणी बांधला ते. मधे माझी ट्रेन आली, दारं उघडली, दारं मिटली, ट्रेन गेली.

"अरे, माझी ट्रेन गेली," मी म्हटलं.

"पुढची अर्ध्या तासानं आहे," डेरेक म्हणाला. "तोवर आपण युद्धापर्यंत पोचतो."

युद्धापर्यंत पोचलो तेव्हा मी ग्रुपची मेंबर झाले होते आणि पुढच्या मीटिंगचा चहा माझ्याकडे आला होता.

*

आमच्या स्टेशनची खरी अडचण अशी की तिथे कधी काही घडलंच नाही. बॉम्ब पडला तो पुढच्या स्टेशनवर. अपघात झाला तो मागच्या स्टेशनवर. डेरेकला याचं फार वाईट वाटायचं.

एका मीटिंगला तो भलताच खुशीत आला. राजघराण्याची गाडी इथून गेली होती म्हणे, त्याच्या लहानपणी.

"थांबली होती का?" सेक्रेटरी मॉरीननं विचारलं. मॉरीन म्हणजे रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, तिला अर्धवट उत्तर चालत नाही.

"थांबली होती. सिग्नल लाल होता."

"राजघराण्याच्या गाडीला लाल सिग्नल? कुणी दिला?"

"माझ्या वडिलांनी," तो म्हणाला. "आईला बघायचं होतं."

*

मॉरीनच्या राज्यात नियम म्हणजे नियम. बोलायचं ते एकानं, चेअरमनकडे बघून. आमच्या मीटिंगा चर्चच्या हॉलमध्ये व्हायच्या. एकदा किचनमध्ये कुणाचा तरी टोस्ट करपला आणि फायर अलार्म बोंबलायला लागला. सगळे उठले.

"बसा," मॉरीन म्हणाली. "मागच्या मीटिंगचे मिनिट्स अजून मंजूर व्हायचेत."

आम्ही बसलो. कानात बोटं घालून मिनिट्स मंजूर केले, मग रांगेनं बाहेर पडलो. बाहेर फायर ब्रिगेडवाला विचारत होता की आत कुणी राहिलंय का. मॉरीननं त्याला आधी नाव विचारलं.

*

मग डेरेकनं ठरवलं की म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टेप करायच्या. मी त्याला मालतीकाकूंकडे पाठवलं. काकू इथल्या मराठी बायकांत सगळ्यात जुन्या. साठच्या दशकात डॉक्टरकाकांच्या मागोमाग पुण्याहून आल्या आणि स्टेशनजवळच्याच गल्लीत राहिल्या.

डेरेक टेपरेकॉर्डर घेऊन गेला आणि चार तासांनी परत आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेला, त्या वेळी टेपरेकॉर्डर घरीच विसरून.

टेप ऐकून लिहून काढायचं काम माझ्या मुलीकडे, रियाकडे आलं. रिया इथेच जन्मलेली, त्या वेळी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला. दोन दिवस कानाला हेडफोन लावून बसली आणि मग खाली आली.

"आई, यात इतिहास नाहीये. यात फक्त चमचा वाजतो."

मी ऐकलं. खरंच चमचा वाजत होता. मधून मधून काकूंचा आवाज, "अहो, एवढंसंच काय घेतलंत, घ्या अजून." आणि मग डेरेकचा, तोंड भरलेलं असताना, "हे काय आहे?" काकूंच्या घरात पाहुण्यानं खाल्ल्याशिवाय कामाचं बोलायची पद्धत नाही आणि डेरेकला पोट भरलं म्हणायची सवय नाही. असे दोघं भेटल्यावर काय होणार?

*

पण शेवटच्या टेपवर, साबुदाण्याची खिचडी संपल्यावर, काकूंनी सांगितलं ते सोनं होतं.

तेव्हा या लाइनवर तीन हॉस्पिटलं होती आणि प्रत्येकात दोन-तीन मराठी डॉक्टर. बायका घरात एकट्या. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये बसायला जागा नाही, भाड्याच्या घरात लॅंडलेडी चार माणसं येऊ देत नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू करायचं कुठे? काकूंनी मध्यावरचं स्टेशन शोधलं. हॉथॉर्न लेन. वेटिंग रूममध्ये कोळशाची शेगडी असायची, तिकीट असलं की कुणी उठवत नसे. मग दर जानेवारीत एका रविवारी सगळ्या जणी आपापल्या गाडीनं तिथे उतरायच्या. आम्ही अजूनही तिथेच जमायचो, पण हे सुरू कसं झालं ते ना मला माहीत होतं ना डेरेकला.

नारळ मिळायचा नाही. ओटीत काय घालायचं? काकूंनी बाजारात नारळाच्या आकाराचं काय मिळतं ते बघितलं आणि स्वीड आणले. स्वीड म्हणजे इथला पिवळसर सलगम, सूपात घालतात तो.

शिवाय हळदीकुंकवाला खोलीत असलेल्या बाईला तसंच कसं जाऊ द्यायचं? गाडीची वाट बघत बसलेल्या इंग्लिश बायकांनाही काकूंनी सोडलं नाही. एक बाई कपाळाला कुंकू लावून, हातात स्वीड आणि तिळाची वडी घेऊन गाडीत चढली. पुढच्या वर्षी ती त्याच रविवारी परत आली. जायचं कुठेच नव्हतं तिला.

*

तेव्हाचा स्टेशनमास्तर भयंकर तापट. पहिल्याच वर्षी ओरडत आत आला, हा काय प्रकार म्हणून. काकूंनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सांगितलं की हे खाल्लं की वर्षभर गोड बोलावं लागतं, आमच्यात तशी रीत आहे.

त्यानं खाल्ला. बाहेर गेला. एक नंबरवर पोर्टर ट्रॉली आडवी टाकून सिगरेट ओढत होता. स्टेशनमास्तरनं त्याच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं आणि सरळ ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं.

काकू सांगत होत्या, "पोर्टर मला येऊन विचारत होता, मॅडम, त्याला काय दिलंत? अजून आहे का?"

*

हे ऐकल्यावर डेरेकला झोप येईना. अखेर आपल्या स्टेशनवर काहीतरी घडलं होतं. त्यातच रेल्वेवाल्यांनी कळवलं की येत्या उन्हाळ्यात वेटिंग रूम बंद करून तिथे कॉफी शॉप काढणार. म्हणजे येणारं हळदीकुंकू त्या खोलीतलं शेवटचं. डेरेकनं ठरवलं, लायब्ररीत स्टेशनचं प्रदर्शन भरवायचं आणि मधोमध मोठा फोटो लावायचा. वेटिंग रूम, हळदीकुंकू आणि मध्ये मालतीकाकू.

मी म्हटलं, "बाकीचं सगळं होईल. काकू आत येणार नाहीत."

त्याला कळेना. त्याला समजावून सांगावं लागलं. डॉक्टरकाका जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून काकू दर संक्रांतीला सगळं करायच्या. वड्या त्यांच्याच, निमंत्रणं त्यांची, लुटायच्या वस्तूही त्याच आणायच्या. आणि हळदीकुंकू सुरू झालं की बाहेर प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर जाऊन बसायच्या. जानेवारीतल्या थंडीत, कोट घालून, मांडीवर आमच्या सगळ्यांच्या पर्सेस घेऊन.

आम्ही काय कमी सांगितलं? काकू, आता असलं कुणी मानत नाही. काकू, पुण्यात तुमच्या भाच्यासुद्धा मानत नाहीत. त्या म्हणायच्या, "तुमचं तुम्ही बघा गं. मला शिकवू नका." एका वर्षी मी करंडा घेऊन बाहेर गेले, म्हटलं आज लावतेच. काकूंनी माझं मनगट धरलं. घट्ट. "शुभा, परत असं करायचं नाही," म्हणाल्या आणि मग दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. ज्या बाईनं परक्या देशात, परक्या स्टेशनवर हे सुरू केलं, तिनंच काचेतून बघत बसायचं. मला त्या बाकाचा राग यायचा. ती खोली आता जाणार, आणि काकू बाहेर बसलेल्या असतानाच जाणार, हे मला सहन होत नव्हतं.

डेरेकनं सगळं ऐकून घेतलं. "मग फोटो बाहेरून काढू," तो म्हणाला. माझा त्याच्यावर जीव आहे तो यासाठी.

*

तर त्या रविवारी वेटिंग रूम गच्च भरली होती. लीड्सहूनही दोघी-तिघी आल्या होत्या. ग्रुपमधल्या इंग्लिश बायकांनाही बोलावलं होतं. कोळसा जाऊन इलेक्ट्रिक हीटर आला होता, आणि ओटीत नारळ होते. बायकांचा कार्यक्रम म्हणून डेरेकला आत घेतलं नव्हतं. तो कॅमेरा घेऊन बाहेर काकूंच्या शेजारी बसला होता. काकूंनी वड्यांचा एक डबा त्याच्यासाठी वेगळा आणला होता, म्हणजे त्याची सोय झाली होती.

आत आम्ही एकेकीला हळदीकुंकू लावत होतो. मॉरीनची पाळी आली. ती परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली. कुंकू लावून झालं, ओटी भरून झाली. मॉरीननं रियाला विचारलं, "आता मी काय करायचं? काहीतरी रीत असेलच."

रियानं इंग्लिशमध्ये सांगितलं की आपल्याला लावलं की आपणही उलट लावायचं, यजमानीणबाईंना.

"यजमानीण कोण?"

रियाला दुसरं कोण माहीत असणार? लहानपणापासून तिनं हेच ऐकलेलं. "मालतीआजी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आई, आजी बाहेर बसली आहे ना?"

मी लीड्सच्या बाईंना वाण देत होते. हो म्हणून गेले. मान वर केली तोवर मॉरीन करंडा उचलून दारातून बाहेर पडली होती.

मी धावले, माझ्यामागे सगळ्याच. दारातच अडकलो, कारण मॉरीन बाकापाशी पोचली होती आणि तिनं बोट कुंकवात बुडवलं होतं.

काकूंनी मान मागे घेतली. हात वर केला. इंग्लिशमध्ये, अगदी हळू म्हणाल्या, "मॉरीन, नको. माझे मिस्टर गेलेत."

"माझेही," मॉरीन म्हणाली. "हलू नका, सांडेल."

काकूंचा हात तसाच वर राहिला. मॉरीननं कुंकू लावलं. सवय नसल्यामुळे जरा तिरकं लागलं, म्हणून दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि परत येऊन नीट केलं. डेरेकच्या हातात कॅमेरा होता. फोटो काढायचं त्याला सुचलं नाही. एक फास्ट गाडी न थांबता गेली.

काकू बऱ्याच वेळानं उठल्या. मांडीवरच्या पर्सेस डेरेकच्या मांडीवर ठेवल्या, कोट नीट केला आणि आमच्या गर्दीतून वाट काढत सरळ आत गेल्या. हीटरजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "दार लावा गं कुणीतरी. सगळी ऊब बाहेर चाललीय."