वानोळ्यापायी झालेला संप

आमच्याकडे शेतातून पहिलं काही निघालं की ते आधी शेजारी, सोयऱ्यांकडे पाठवायची रीत आहे. भुईमूग उपटला की पिशवीभर शेंगा, वांगी लागली की चार वांगी, गहू निघाला की ओंब्या. ह्याला वानोळा म्हणतात. वानोळ्याला नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर देणारीला वाटतं, आपल्या घरचं ह्यांना चालत नाही की काय. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा गोंधळ ह्यातूनच झाला, आणि ज्या साहेबांनी तो केला ते आमच्या भागातले नव्हते.

माझे मालक सरकारी गाडीवर कंडक्टर होते. आम्ही धुळ्याला स्टँडच्या मागच्या गल्लीत राहायचो. निम्मी गल्ली ड्रायव्हर-कंडक्टरांचीच होती. ऐंशी सालानंतरचा काळ तो, गल्लीत टीव्ही एकाच घरी, आणि रविवारी सगळी पोरं त्यांच्या ओट्यावर. ह्यांची ड्यूटी साक्रीकडच्या मुक्कामी गाडीवर असायची. म्हणजे संध्याकाळी गाडी पार डोंगराकडच्या खेड्यात जाऊन थांबायची आणि सकाळी तीच गाडी धुळ्याला यायची.

सकाळच्या त्या गाडीला फाट्याफाट्यावर बाया डबे घेऊन उभ्या असायच्या. त्यांची पोरंपोरी धुळ्यात खोल्या करून शिकायची. खाणावळ कुठून परवडणार? मग बाजरीची भाकर, ठेचा, एखादी भाजी, फडक्यात घट्ट बांधून कंडक्टरच्या हातात द्यायची. पोरं स्टँडवर येऊन डबा घेऊन जायची आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा माघारी. हे कधी कुणाला नाव विचारायचे नाहीत. कुठलं फडकं कुठल्या फाट्याचं हे त्यांना पाठ. एकदा एका आईनं फडकं बदललं तर हे तिला म्हणाले, "अक्का, जुनं फडकं फाटलं असेल तर मी आणून देतो, पण मला गोत्यात घालू नका."

ह्या डब्यांचं तिकीट नसायचं. नियमात ते बसत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, डेपोतल्या साहेबांनासुद्धा. आधीच्या कंडक्टरांनी नेले, म्हणून ह्यांनी नेले.

आणि मग हंगामाला वानोळा यायचा. हे ड्यूटीवरून आले की पिशवी ओट्यावर ठेवायचे आणि मोठ्यानं सांगायचे, हे अमक्या फाट्याचं, हे तमक्या फाट्याचं. गल्लीलाही ऐकू जावं म्हणूनच सांगत असावेत. माझं माहेर जळगावकडचं. वांग्यांना मी नावं ठेवायची. म्हणायची, "भरीत करायचं तर आमच्याकडची हिरवी वांगी, ही काय वांगी आहेत?" त्यावर हे म्हणायचे, "मग जा एदलाबादच्या गाडीनं माहेरी, आणि तिकीट काढून जा." पण खायचो सगळे. मी घरापुरतं ठेवून बाकी गल्लीत वाटायची. युनियनचे सेक्रेटरी, ज्यांना अख्खा डेपो आबा म्हणायचा, ते दोन घरं सोडून राहायचे. त्यांच्या घरीही शेंगा माझ्याच हातून जायच्या.

त्या साली भुईमूग छान आला होता. एका म्हाताऱ्या बाईचा नातू धुळ्याला शिकत होता. तिचं गाव साक्रीच्या थोडं अलीकडे, फाट्यापासून आत. तिनं डब्याबरोबर ओल्या शेंगांची पिशवी दिली. ह्यांनी ती आपल्या सीटखाली ठेवली. पुढे नेरच्या जवळ तपासणीची जीप आडवी आली.

तिथं काय झालं ते मला ह्यांच्या जोडीच्या ड्रायव्हरनी सांगितलं. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. तिकिटं सगळी बरोबर निघाली. मग साहेबांची नजर डब्यांवर गेली. साहेब नवीन होते, लांबून बदली होऊन आलेले, पण बोलायला अगदी मऊ. त्यांनी विचारलं, "हे डबे कोणाचे?"

"पोरांचे, साहेब. कॉलेजच्या."

"आणि ही पिशवी?"

"ती माझी. वानोळा आहे."

साहेबांना तो शब्द कळला नाही. त्यांनी विचारलं, "म्हणजे डबे नेता म्हणून हे लोक तुम्हाला काहीतरी देतात?"

आता इथं दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता, नाहीतर बाजारातून घेतल्या म्हणाला असता. नाना सांगत होते, मी मागून खुणा करत होतो, खोकलो, पण मास्तरांनी काही मागं पाहिलं नाही. डेपोत ह्यांना सगळे मास्तरच म्हणायचे. ह्यांना वाटलं, साहेब आपल्या भागाचं कौतुकानं विचारताहेत. हे छाती काढून सांगू लागले. "देतात ना साहेब. काही कमी करत नाहीत. शेंगांच्या दिवसांत शेंगा, थंडीत वांगी, पुढं ओंब्या, कैऱ्या. वर्षभर चालूच असतं. आमच्या घरात भाजी विकत आणावी लागत नाही."

"कधी नाही म्हणत नाही तुम्ही?"

"नाही कसं म्हणणार साहेब? माणसं दुखावतील."

साहेबांनी ते सगळं लिहून घेतलं आणि ह्यांनी खाली सही केली. वर त्यांना शेंगा घ्या म्हणून आग्रहही केला. नाना म्हणाले, "वहिनी, साहेबांनी शेंगांना हात लावला नाही, तेव्हाच मला कळलं."

चार दिवसांत सस्पेंडचा कागद आला. विनातिकीट सामान नेलं, आणि त्याचा मोबदला नियमितपणे घेतला, स्वतः कबूल केलं. हे कागद हातात घेऊन ओट्यावर बसले होते. डब्यांचं त्यांना काही वाटलं नाही. एकाच शब्दावर बोट ठेवून मला विचारत होते, "मोबदला म्हणजे मजुरीच ना? मी मजुरी घेतली असं म्हणतात हे?"

नोकरी जाईल ही भीती मला होती. त्यांना भीती वेगळीच होती, की त्या फाट्यांवरच्या बायांना कळेल, कंडक्टर आपल्याकडून मजुरी घेत होता.

आबांनी डेपोत विषय काढला. आधीही दोघा-तिघांना असंच किरकोळ कारणावरून घरी बसवलं होतं, त्याचा राग होताच. गेटवर सभा झाली आणि गाड्या बंद झाल्या. पहिले दोन दिवस लग्नघरासारखं वातावरण होतं. माणसं गेटसमोर मांडव टाकून बसलेली, आम्ही बाया गल्लीत भाकरी थापतोय, पिठलं ढवळतोय. नानांची बायको मला म्हणाली, "तुमच्या शेंगांनी आमचे नवरे घरी बसवले. निदान पोटभर तरी द्यायच्या होत्या." सगळ्या हसल्या, मीही हसले. आठवडा गेल्यावर तेच वाक्य दुसरीनं म्हटलं तेव्हा कोणी हसलं नाही. तोवर पगार कापण्याची नोटीस लागली होती आणि आणखी काही जणांना सस्पेंडचे कागद आले होते.

गाड्या बंद म्हणजे डबेही बंद. पोरं एकमेकांच्या खोल्यांवर जाऊन भात उकडून खायची असं कानावर यायचं. ह्यांना ते फार लागायचं. म्हणायचे, "माझ्यासाठी चाललंय आणि उपाशी ती पोरं."

अशात एक दिवस ती म्हातारी बाई गेटवर आली. सुरतेकडून येणाऱ्या ट्रकमध्ये बसून आली होती. तिला बातमी पोचली होती की शेंगांवरून कंडक्टरची नोकरी चालली. ती आबांना म्हणाली, "माले सायबाकडे लई चाला. मी सांगस त्यासले. मी राजीखुशीथीन दिधं. भाऊनी कधी मांगं नही." म्हणजे मला साहेबांकडे घेऊन चला, मी राजीखुशीनं दिलं, भाऊंनी कधी मागितलं नाही.

ह्यांचा चेहरा इतका उजळला. हे आबांना म्हणाले, "बघा. हिला नेऊ या चौकशीत. हीच सांगेल वानोळा काय असतो ते."

आबा हाडाचे कार्यकर्ते, कायदा त्यांना कळायचा. त्यांनी ह्यांना बाजूला घेतलं. मी भाकरीची टोपली घेऊन तिथंच उभी होते. आबा म्हणाले, "मास्तर, ही आत जाऊन काय सांगणार? की मी दिल्या. बस, त्यांना तेवढंच हवंय. तुमच्या कबुलीला साक्षीदार मिळाला. मागितल्या का नाही मागितल्या, ते कोण लिहून घेतंय?"

"पण खरं तेच आहे ना आबा."

"खरं आहे म्हणूनच तिला घरी पाठवा."

मग कोणीतरी तिला सांगितलं, आजी, तुम्ही बोललात तर भाऊंचं नुकसान होईल. तिला ते कसं समजलं असेल, हा विचार मी अजून करते. मी तिला घरी नेऊन चहा दिला. ती सारखी एकच म्हणत होती, "मना हातना वानोळा भाऊले बाधना." माझ्या हातचा वानोळा भाऊला बाधला. मी म्हटलं, "आजी, असं नाही हो." ह्यांनी तिला साक्रीकडं जाणाऱ्या ट्रकमध्ये बसवून दिलं.

त्यानंतर तडजोड झाली. माफीनामा लिहून दिला तर कामावर घेऊ, बाकीच्यांचेही सस्पेंडचे कागद मागे घेऊ, असं वरून आलं. आबा आणि नाना आमच्या घरी बसले होते. हे म्हणत होते, "डबे नेले, ते लिहितो. दहा वेळा लिहितो. मोबदला घेतला हे मी लिहिणार नाही."

आबा शांतपणे म्हणाले, "मास्तर, मी पण तुमच्या शेंगा खाल्ल्यात. मला माहीत नाही का? पण बाहेर अख्खा डेपो उन्हात बसलाय. एका शब्दासाठी अजून किती दिवस बसवायचं त्यांना?"

हे नानांकडे बघू लागले. नानांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं आणि तेही सस्पेंड झालेल्यांत होते. नाना खाली बघत राहिले. तेवढ्यावर ह्यांनी सही केली. मी आत स्टोव्हजवळ होते. पेन कागदावर चालल्याचा आवाज काही आला नाही मला, पण नानांनी सोडलेला श्वास ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी गाड्या सुटल्या. गुलाल उधळला, ह्यांच्या गळ्यात हार घातला. संप जिंकला असंच सगळे म्हणत होते, आणि त्यांचं काही खोटं नव्हतं. नोकऱ्या सगळ्यांच्या वाचल्या. फक्त डब्यांची सक्त मनाई झाली. सूचना फळ्यावर लागली आणि ती सगळ्यांनी पाळली, कारण आता पाळली नसती तर आबांना पुन्हा तोंड उघडता आलं नसतं. बाया थोडे दिवस डबे घेऊन फाट्यावर येत राहिल्या. हे दारातून हात जोडायचे. मग त्या यायच्या थांबल्या. काही पोरं खाणावळीत गेली, काही घरी परतली. त्या म्हातारीच्या नातवानं कॉलेज सोडलं की दुसरीकडे गेला, हे आम्हाला नीट कळलं नाही.

ह्यांच्या हातात बेल द्यायची दोरी तीच होती, रस्ता तोच. पण घरी आल्यावर फाट्यांचं बोलणं बंद झालं. एक दिवस मात्र जेवता जेवता म्हणाले, "ती आजी माझ्या गाडीत बसत नाही."

मी विचारलं, "म्हणजे?"

"फाट्यावर उभी असते. मी गाडी थांबवतो. ती हात हलवते, म्हणते, तू जाय भाऊ, मी मांगेनी गाडीमा येसू. मागची गाडी दुपारी. तोवर उन्हात बसते."

"रागावली असेल."

"रागावली असती तर बरं होतं. तिला वाटतं, ती चढली की मला काहीतरी होईल."

हे असं वर्षभर चाललं. शेवटी एका बाजाराच्या दिवशी ह्यांना दिवसाची जादा फेरी होती, त्या गाडीनं मी एकटीच गेले, फाट्यावर उतरून विचारत विचारत तिचं घर काढलं. अंगणात शेंगा वाळत घातल्या होत्या. तिनं मला लगेच ओळखलं. "बठ बईन," म्हणून घोंगडी टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. ह्यांची तब्येत विचारली. मी तिला सांगितलं, तुमचं काही चुकलं नव्हतं, तुम्ही ह्यांच्या गाडीत बसत जा, त्यांना फार वाईट वाटतं. ती मान हलवत होती, हो हो म्हणत होती, जसं लेकराची समजूत काढायला म्हणतात तसं.

निघताना ती माझ्याबरोबर अंगणात आली. आमच्याकडे घरी आलेल्या बाईला कोणी रिकाम्या हातानं पाठवत नाही, शत्रूच्या घरची असली तरी नाही. ती सवयीनं वाकली, दोन्ही हातांनी शेंगांची ओंजळ भरली, आणि मी पदर पुढे केला. मग ती तशीच थांबली. माझ्याकडे बघितलं. आणि शेंगा हळूच परत ढिगावर सोडल्या, हात लुगड्याला पुसले.

"भाऊले सांभाळ, बईन," एवढंच म्हणाली.

मी पदर आवरला. फाट्यापर्यंत ती सोबत आली, आणि ह्यांची गाडी माघारी येताना दिसल्यावर झाडामागे जाऊन उभी राहिली.