पोटाची बाही

“माया सोडा, डॉक्टर! कापा किती पण, आत माया सोडा!”

पेणच्या हॉस्पिटलात ऑपरेशनला नेताना माझा मामा स्ट्रेचरवरून ओरडत होता. नर्सला वाटलं, भूल द्यायच्या आधीच चढली. मामा रोह्यातला जुना शिंपी. पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून शिलाईच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात, हे त्या बिचारीला कोण सांगणार?

रोह्यापासून पेणपर्यंत असा खाणारा माणूस झाला नाही, आणि पुढे झालाच तर तालुक्याला तांदूळ बाहेरून आणावा लागेल. मामी पेणची. मामा सासरी निघाला की खाडीतले जिताडे मासे म्हणे आपणहून खोल पाण्यात सरकायचे. कोलाडच्या एका खानावळवाल्याने तर त्याला दारात पाहून पाटीवरचा ‘पोटभर’ हा शब्दच पुसून टाकला. मामीही त्याला साजेशी. त्याचं ताट रिकामं दिसलं की तिला माहेराचा अपमान झाल्यासारखं वाटे. “घ्या वो, एवढ्याशानं काय होतंय?” असं म्हणत तिने मामावर पोटाचा डोंगर रचला, आणि एक दिवस तो डोंगर मामाच्या आणि शिलाई मशीनच्या मधे आला. हात सुईपर्यंत पोचेनात. शुगर वाढली, झोपेत श्वास अडकू लागला, वरसेहून माप द्यायला आलेली गिऱ्हाइकं परत जाऊ लागली. दुकानाचं शटर ओढलं त्या दिवशी मामा आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या ताटावरून उठला.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बारीक छिद्रांतून दुर्बिणीने जठराचा मोठा भाग कापून काढायचा, बाहीसारखी अरुंद नळी तेवढी ठेवायची. भूकही कमी लागते.

“हाफ बाही का फुल?” मामाने विचारलं. “आणि शिवणार कशानं?”

“पिना मारतो.”

“आमच्यात त्याला कच्चं काम म्हणतात. बरं, उरलेलं कापड गिऱ्हाइकाला देणार ना?”

डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. “कापलेलं परत जोडता येत नाही, मामा. खाणं कायमचं बदलेल. पुन्हा ठासून खाल्लंत तर नळी सैल होईल, वजन परत येईल.”

“म्हंजे माझ्या हातचं खायचंच नाय?” मामीचा आवाज चिरकला.

“खायचं. थोडं.”

हा शब्द मामीच्या स्वयंपाकघरात तोवर कुणी उच्चारला नव्हता.

ऑपरेशन नीट पार पडलं. आधी नुसतं पातळ, मग चमच्याने मऊ भात. मामा उतरत गेला, श्वास मोकळा झाला, हात सुईपर्यंत पोचले, शटर वर गेलं. मामी मात्र मोठ्या पातेल्यांकडे बघत बसायची. परवा पेणहून तिच्या भावाने जिताडा पाठवला. मामाने नखाएवढा तुकडा सावकाश चावून खाल्ला, “फक्कड झालाय गो,” म्हणाला, आणि मधली तुकडी तिच्या ताटात सरकवली. लग्नापासून ती शेपटाकडचीच खात आली होती. तिने ती खाल्ली.

दुपारी तो स्वतःचे जुने शर्ट मशीनवर बारीक करत बसला. मामीने एक उलटा करून पाहिला. कापड कापलेलंच नव्हतं. दोन्ही बाजूंना सगळं आत दुमडून ठेवलेलं.

“अवो, डॉक्टरांनी नाय ठेवली माया. तुम्ही कशाला एवढी ठेवलीत?”

मामाने दातांनी दोरा तोडला.

“ठेवावी लागते.”