गट जुळला होता

माणसाला नाव असतं, ही गोष्ट आमच्या लॅबवाल्या भाऊंना शेवटपर्यंत पटली नाही. देवरीकडच्या जंगलपट्टीतल्या आमच्या लहानशा दवाखान्यात ते रक्त तपासायचे आणि माणसं रक्तगटावरून ओळखायचे. मी सिस्टर, पण त्यांच्या लेखी बी पॉझिटिव्ह बाई. डॉक्टर ए निगेटिव्ह. "सायेब निगेटिव्हच आहेत, त्यात माहा काय दोष जी?" हे साहेबांच्या तोंडावर. धानाच्या रोवणीतून चिखलाच्या पायांनी आलेल्या बाईचं नाव त्यांना आठवायचं नाही, पण तिचा तीन वर्षांपूर्वी तपासलेला गट बिनचूक सांगायचे. एकदा त्यांनी लॅबमधल्या काचेच्या कांडीनं चहा ढवळून मला दिला. मी तो मोरीत ओतला. स्वतःचं लग्नही गटावरूनच जमवलं. मुलगी पाहायला गेले ते सुई घेऊन. "कुंडली कायले पाहाची? ओ पॉझिटिव्ह निघाली, माह्यासारखीच. मी हो म्हटलं." हे ऐकताना वहिनी आत्ताच टोचल्यासारखं बोट चोळायच्या.

मग भाऊंच्याच किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नागपूर, आणि परत आले की पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा. एका दुपारी वहिनी पदर खोचून लॅबमध्ये आल्या. "माही एक काढून घ्या. गट तं एकच आहे ना?"

"गट एक आहे, रक्त एक नाही," भाऊ म्हणाले. "रक्ताच्या नात्याचीच चालते. तू दुसऱ्या घरची."

"नागपूरच्या डाक्टरले पुसा तरी."

"पुसाचं काय? जिंदगी रक्तात गेली माही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांची नोकरी झालेली मी. ठामपणे म्हणाले, भाऊंचं बरोबर आहे. तिथंच उभ्या असलेल्या डॉक्टरसाहेबांनीही मान डोलावली. भाऊंना आईवडील नव्हते, भावंडं नव्हती, मूलबाळ नव्हतं. विषय संपला. दीड वर्षानं भाऊही.

पुढे नागपूरला आमचं प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, किडनी कोण देऊ शकतं: आईवडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको. मी वहीत उतरवून घेतलं, सवयीनं, आणि मग काय उतरवलं ते वाचलं.

परत आले तर बसस्टँडवर वहिनी. "ओ बी पॉझिटिव्ह बाई!" मला अशी हाक मारणारं आता तेवढं एकच माणूस उरलंय. "काय शिकवलं जी टरेनिंगमधी?"

"हात धुवायला," मी म्हणाले.

"त्याच्यासाठी नागपूर?" वहिनी मनापासून हसल्या आणि ओझं होईल म्हणून माझी वहीची पिशवी स्वतःच्या हातात घेऊन चालू लागल्या.