कडूकंदावरची चार पानं

ज्याच्या घरी वर्षभर पुरेल इतका तांदूळ आहे त्यानं रानातल्या कडूकंदावर बंदी घालावी, याइतका निर्लज्जपणा दुसरा नाही. खोडाळ्याजवळच्या पाड्यावर कंद खाऊन एक माणूस दगावला आणि जंगलचे साहेब कंद खणणंच बंद करायला निघाले. नागली संपली की पाडे याच कंदावर तगतात, हे त्यांना कोण सांगणार?

मी सांगणार होतो. पत्रकं काढण्यात माझा हात बसलेला. त्यात माझ्या मामेबहिणीचा, ताईचा, पहिला शोधनिबंध नुकताच छापून आलेला, आणि तोही याच कंदावर. जव्हारहून रसायनशास्त्र शिकायला मुंबईला गेलेली ती पहिली मुलगी. चूल सोडून बाई आता भट्ट्या पेटवणार, असं लोक तिला तोंडावर म्हणत.

निबंधाच्या चार पानांचं सार एवढंच: कच्च्या कंदात विष असतं. चकत्या राखेच्या पाण्यात शिजवून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्या तर ते सापडत नाही. साचलेल्या पाण्यात ठेवल्या तर उरतं.

शेवटचं वाक्य पत्रकातून गाळू, मी म्हटलं. साहेबांच्या हाती आयतं कोलीत कशाला द्यायचं?

"गाळ," ताई म्हणाली. "आणि खाली तुझं नाव घाल. माझं नको."

तिच्या नावाशिवाय पत्रकाला वजन कसलं? झक मारत सगळं छापलं.

मोखाड्याच्या कचेरीत साहेबांनी पत्रक वाचलं, नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसले. हे तर तुम्हीच लिहिलंय, म्हणाले. मी आवाज चढवणार तोच ताईनं आमच्यासोबत आलेल्या, दगावलेल्याच्या भावाला विचारलं, चकत्या कुठे ठेवल्या होत्या?

"हंड्यात, बाय. वहिनी तापानं पडलेली. ओहळावर कोन जाईल?"

साहेबांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, सावकाश. बंदीचा हुकूम निघालाच नाही. दवंडी मात्र पिटली गेली, की चकत्या वाहत्या पाण्यातच ठेवा.

पाड्यानं आम्हाला शिजलेला कंद मीठ लावून खाऊ घातला. माझं विजयाचं भाषण तयार होतं. ताईला त्यात रस नव्हता. तिनं मुंबईला न्यायला पोतंभर कच्चा कंद मागितला.

"जिंकलीस ना आता?" मी म्हटलं.

"विष आहे एवढंच कळलंय. कसलं आहे ते कुठे कळलंय?"

त्या पोत्यातून तिचा दुसरा निबंध निघाला. आज रानकंद तपासायला बसणारी मुलं आधी ताईची पानं पुढ्यात घेतात.