जुळू नये म्हणून केलेली प्रार्थना

लिहायला लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. बायकोला माझी किडनी द्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांसमोर मी देवीला हात जोडून म्हणायचो, 'आई, रिपोर्ट जुळू दे.' आणि मनातल्या मनात म्हणायचो, 'जुळू नये.' आमचे पूर्वज विणकर. मी मात्र लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशीनवर काम करतो. रोज फिरत्या करवतीपुढे लाकूड सारणारा माणूस, पण आपल्या अंगाला सुरी लागणार या विचाराने माझी झोप उडाली होती. बायको डायलिसिसहून आली की भिंतीला टेकून बसून राहायची. तिच्यावर जीव आहे म्हणायचो, मग हे काय होतं?

रिपोर्ट जुळले. देवीने माझं खोटं मागणं ऐकलं आणि खरं टाळलं, असं वाटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोघंही भरती झालो. दुपारी 'नारळ आणतो' म्हणून मी खाली उतरलो आणि सरळ बसथांब्यावर गेलो. मौद्याला बहीण राहते. तिच्याकडे जायचं, पुढचं पुढे. फोन बंद केला. मौद्याची बस दिसली, तेवढ्यात दुसऱ्या बसमधून उतरलेल्या एका म्हाताऱ्याने माझी बाही धरली आणि घडीचा कागद पुढे केला.

"बाबू, हा दवाखाना कुठं हाये गा? मले वाचता येत नाही. बुढीले काल पोरानं तिथं भरती केलं."

कागदावर आमच्याच दवाखान्याचं नाव होतं. मी बोटाने दाखवलं.

"रस्ता ओलांडून दे ना गा. गाड्या लय हायेत."

बस निघून गेली. रस्ता ओलांडला, तर त्याला लिफ्ट कळेना. लिफ्टने वर गेलो, तर वॉर्ड सापडेना. करता करता मी पुन्हा आत येऊन पोचलो. वॉर्डच्या दाराशी म्हातारा थबकला.

"मले लय भेव वाटून राहिलं गा," तो म्हणाला. "कशी असन, का मालूम. पण बुढी वाट पाहून राहिली असन." धोतराच्या सोग्याने डोळे पुसून तो आत गेला.

प्रेम खरं असलं की भीती वाटत नाही, असं मी समजत होतो. इथे एक माणूस भीत भीत का होईना, आत गेला होता.

मी बायकोच्या खाटेजवळ जाऊन बसलो. पळून चाललो होतो, हे सांगितलं. देवीपुढचं मनातलं मागणंही सांगितलं.

"आधी काहून नाही सांगितलं जी?" ती म्हणाली. "मी बी तेच मागत होती. तुमाले काही झालं तर, म्हणून. नसन द्यायची तर नका देऊ. मी रागावणार नाही."

त्या क्षणी पहिल्यांदा मला किडनी मनापासून द्यावीशी वाटली.

भीती गेली नाही. सकाळी स्ट्रेचरवरही दात वाजत होते. 'आई, मी भ्यालोय, तू पाहा,' एवढंच म्हणालो, आणि डोळे मिटले.

आज बायको संध्याकाळी पायी बाजारात जाऊन येते. त्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलं नव्हतं; ऑपरेशननंतर मी चालायला लागल्यावर त्याला शोधलं, तोवर दोघं गावी गेली होती. त्याला कोणी पाठवलं, हे मी कोणाला पटवत बसत नाही. माझा नमस्कार त्यालाही आहे. देवीपुढे आता ठरवून काही मागत नाही. जे वाटतं ते सांगतो, आणि उठून कामाला जातो.