गोंदियाच्या वेळेतले ढग

तीन वर्षं मी परदेशात ढगांचा अभ्यास केला. उत्तर ध्रुवाजवळच्या किनाऱ्यावर आमचं रडार होतं. तिथल्या ढगांत शून्याखालीही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात आणि त्यांच्यातच बर्फाचे कण. थेंबांची वाफ ओढून घेत कण वाढतात, जड होतात, खाली येऊ लागतात. रडारला ते दिसतं. किती थंडीत ते किती झपाट्यानं वाढतात, एवढंच मला शोधायचं होतं.

बोलायला कुणी नव्हतं. म्हणजे माणसं होती, हसायचीही, पण "जेवली का?" असं कुणी विचारलं नाही. खरं सांगते, जीव नकोसा व्हायचा. म्हणून मी एक खुळेपणा केला. रडारच्या आकड्यांवर जागतिक वेळ असायची. ती बदलून मी गोंदियाची वेळ लावली. पडद्यावर संध्याकाळचे साडेपाच दिसले, की वाटायचं, आई वावरातून आली असेल, पाय धूत असेल. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला गोंदियाजवळ कुडव्याला घरी आले. त्यात माझा मोठा शोध होता: उणे दहा अंशांना, जिथे कणांची वाढ मंदावायला हवी, तिथेच ते भराभर वाढले होते. पदवी त्याच्यावर अडली होती. तिकडच्या माझ्या मार्गदर्शक सरांचा मेल आला, "तापमान पुन्हा तपासून घे." मला रागच आला. काय तपासायचं डोंबल! तरी बसले, आणि चूक दिसली. ढगांतलं तापमान मोजायला वर सोडलेल्या फुग्याच्या नोंदी जागतिक वेळेत होत्या, रडारच्या गोंदियाच्या वेळेत. म्हणजे मी साडेपाच तास नंतरचं तापमान धरलं होतं. तेवढ्या वेळात तिकडची हवा बरीच उबदार झाली होती. नीट जुळवल्यावर आकडा आला उणे पंधरा. तिथे कण झपाट्यानं वाढतात, हे जगाला आधीच ठाऊक होतं. झालं, शोध गेला!

आई अंगणात तांदूळ निवडत होती. "काऊन वं, तोंड पाडून बसली?"

मी सगळं सांगितलं. वेळ कशापायी बदलली तेही सांगितलं, आणि रडले.

तिचे हात थांबले. "वावरात? गुडघे गेले माहे. दोन वर्सं झाली, वावर ठेक्यानं देलं. मी तं घरीच बसून राहिली."

"मग फोनवर सांगितलं काऊन नाही?"

"तू एवढ्या दूर, एकटी. तुले कायले सांगू?"

सुपातले खडे मीही वेचायला लागले.

सरांना चूक कळवली. प्रकरण पहिल्यापासून करायचं ठरलं, म्हणून आठ दिवसांत परत जावं लागलं. निघताना आईकडून वचन घेतलं, आता काही लपवायचं नाही.

पोचल्यावर फोन केला. खोलीत मी एकटी, सामान अजून बांधलेलंच.

"करमते का वं तुले तिकडं?" आईनं विचारलं.

"हो तं," मी म्हटलं. "एकदम मजेत आहे."